रोजड्यासाठी योग्य बोअर

माघ लागला की उज्जैनच्या फ्रीगंजातल्या आमच्या गल्लीत सकाळी साडेआठच्या सुमारास एक हातगाडी येते. तिच्यावर ओल्या हरभऱ्याच्या जुड्या मुळांसकट रचलेल्या असतात. माळव्यात त्यांना ‘छोड’ म्हणतात. जुडी हातात घेतली की बोटांना एक चिकट, आंबट ओल लागते. हरभऱ्याच्या पानांवर जी बारीक लव असते, तिच्यातून हे आम्ल पाझरते. मराठीत त्याला ‘आंब’ असा नेमका शब्द आहे. बोट जिभेला लावून पाहावे. त्या चवीने इतरांना काय आठवत असेल ते मला सांगता येणार नाही. मला बंदुकांचे बोअर, म्हणजे नळ्यांची मापे, आठवतात. लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीने, पाढ्यासारखे.

हे विधान स्पष्टीकरणाशिवाय सोडणे बरे नाही. मी बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. बंदूक आयुष्यात एकदाच हातात घेतली, तीही रिकामी, आणि तिच्या वजनाने माझ्या खांद्यावरची पर्स कोपरापर्यंत घसरली. तरीही तित्तरापासून हत्तीपर्यंत कोणत्या प्राण्यास कोणता बोअर योग्य, हे मी आजही न अडखळता सांगू शकते. एका हिवाळ्यात मला ते शिकावे लागले. त्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या भावाचे शेत राहते की जाते, हे काही दिवस त्या उत्तरावर अवलंबून आहे असे आम्हा सर्वांना वाटत होते.

ती नव्वदीच्या दशकाची सुरुवातीची वर्षे. गच्च्यांवर पातेल्याच्या आकाराच्या डिश उगवू लागल्या होत्या. किराण्याच्या दुकानात जिथे एक दातांची पेस्ट मिळे, तिथे पाच मिळू लागल्या होत्या, आणि दुकानदारासमोर उभे राहून ‘कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर देणे हे आमच्या पिढीला नवे होते. आम्ही रेशनच्या रांगेत वाढलेली माणसे. निवड करायची म्हटली की आम्हाला घाम फुटे, आणि मग आम्ही ती फार काळजीपूर्वक, फार सावकाश करत असू. हा स्वभाव लक्षात ठेवल्यास पुढचे समजण्यास सोपे जाईल.

दादा टपाल खात्यातून निवृत्त झाला तो याच सुमारास. छत्तीस वर्षे लोकांची पत्रे निवडून लावल्यावर त्याला अचानक मातीचा ध्यास लागला, आणि भैरवगढच्या पलीकडे, क्षिप्रेच्या अंगाला, त्याने पाच बिघे काळी जमीन घेतली. वहिनीला ते मुळीच पसंत नव्हते. तिचे माहेर खानदेशातले, बागाईतदाराचे. मे महिन्यात विहिरीवर दोर ओढून तिच्या तळहातांना जे घट्टे पडले होते, ते लग्नानंतर उतरायला चार वर्षे लागली, असे ती सांगे. तिला हवा होता नानाखेड्याला एक प्लॉट. तिथे नव्या वसाहती पडत होत्या, नळाला पाणी होते, शेजारी बायका होत्या, आणि बसस्टँड हाकेवर असल्याने माहेरी जाताना सामान घेऊन धावावे लागणार नव्हते.

“मी शेतातून सुटून आले,” ती दादाला म्हणाली, “आणि तुम्ही म्हातारपणी मला परत तिथेच नेऊन बसवता. कमाल आहे तुमची.”

दादा भांडला नाही. त्याने एक जुने आंतर्देशीय पत्र काढले आणि त्यावर स्वच्छ अक्षरात करार लिहिला. होळीपर्यंत दहा पोती हरभरा घरी आला, तर शेत राहील. दहाच्या खाली एक शेर जरी कमी भरला, तरी शेत विकून नानाखेड्याला प्लॉट घ्यावा. खाली त्याची सही, वहिनीची सही आणि साक्षीदार म्हणून माझी. वहिनीने सही करताना विचारले, “वन्सं, दहा पोती होतात का हो पाच बिघ्यांत?” मी त्रैराशिक मांडून सांगितले की होतात, बाराही होतील. तिने सही पूर्ण केली आणि लेखणी परत दिली. तिला ते माझ्याआधी ठाऊक असणार, हे मला तेव्हा सुचले नाही.

पौषाच्या सुरुवातीस रोजडे आले.

रोजडा म्हणजे नीलगाय. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी वर्णन करते. एखाद्या समितीने एकमत न होता बनवलेला प्राणी असावा, तसा तो दिसतो. छाती घोड्याची, पाठीचा उतार तरसाचा, दाढी बोकडाची, आणि पायात पांढरे मोजे, जणू आताच शाळेच्या कवायतीहून आला आहे. नर रंगाने पाटीसारखा निळसर करडा. वजन दोनशे किलोंच्या वर. अशा सात जणांचा कळप पहाटे नदीच्या बाजूने येई, हरभऱ्यात उभा राही आणि सूर्य वर आला की निघून जाई.

शेत पाहणारा भेरूलाल हा तिथलाच, पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने मोपेडवरून आलेल्या दादाला बातमी दिली ती अशी: “बाबूजी, सात मेहमान हैं. रोज आते हैं. नाश्ता करके जाते हैं.”

“मग तू काय करतोस?”

“मैं खाँसता हूँ.”

“खोकतोस?”

“हाँ बाबूजी. जोर से.”

दादाने दुसऱ्याच दिवशी चौकशी केली. शिकार तर केव्हाच बंद झालेली. पण पिकाची नासाडी होत असेल तर रीतसर परवानगी मागता येते, असे त्याला कळले. तो अर्जाचा नमुना घेऊन आला. त्यात पाच रकाने होते: प्राणी, संख्या, बंदुकीचा परवाना कोणाच्या नावे, शस्त्र व बोअर, नासाडीचा अंदाज. पहिले तीन दादाने चहा थंड होण्याच्या आत भरले. तिसऱ्यात बाबासाहेबांचे नाव आले, आणि चौथ्यापाशी लेखणी थांबली ती जवळजवळ सहा आठवडे.

बाबासाहेब आमचे शेजारी. त्यांचे पूर्वज पेशवाईच्या काळात दरबारी चिटणीस म्हणून माळव्यात आले. घराण्याने लेखणीच चालवली, पण घरात बंदूक होती: दुनळी, बारा बोअरची, परवान्याची. दसऱ्याला तिला तेल, हळद, कुंकू आणि झेंडूचे फूल मिळे. बाबासाहेबांच्या बोलण्यात जंगले फार असत. त्यांच्याकडे ज्ञान आहे आणि शस्त्रही आहे, असे समजून दादाने रविवारी दुपारी त्यांना व्हरांड्यात बोलावले. येताना शेतातून छोडाचा एक भारा आणला होता. वहिनीने तो निखाऱ्यावर भाजला. काळपट टरफलातला हिरवा दाणा काढून तोंडात टाकत बाबासाहेबांनी निकाल दिला:

“रोजड्याला बारा बोअर म्हणजे पहिलवानाला टपली. गुस्सा येईल त्याला. पडणार नाही.”

“मग रकान्यात काय लिहू?”

“तीनशे पंधरा लिहा. रायफल. एकदम बढिया.”

“तुमच्याकडे आहे?”

“नाही. पण लिहायला काय जातं?”

दादाचा चेहरा गंभीर झाला. “बाबासाहेब, छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली मी. जे नाही ते रकान्यात लिहीत नाही.”

इथे माझा प्रवेश झाला. बारा हा आकडा तीनशे पंधरापेक्षा लहान, म्हणून बंदूक लहान, अशी दादाची समजूत झालेली मला दिसली, आणि चुकीची समजूत पाहून गप्प बसणे मला कधीच जमले नाही. मी शाळेच्या आणि नंतर एका महाविद्यालयाच्या वाचनालयातून दोन जुनी पुस्तके आणली आणि पुढच्या रविवारी सर्वांना समजावून सांगितले.

एक पौंड शिसे घ्यावे. त्याचे बारा समान गोळे करावेत. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल, ती नळी बारा बोअरची. सोळा गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होईल. म्हणून सोळा बोअर बारापेक्षा अरुंद. आकडा वाढला की नळी आवळते. हे व्यस्त प्रमाण झाले. रायफलीचा हिशेब मात्र सरळ: तीनशे पंधरा म्हणजे एका इंचाचे तीनशे पंधरा सहस्रांश, सुमारे आठ मिलिमीटर. तेव्हा बारा आणि तीनशे पंधरा यांची तुलना करणे म्हणजे इयत्ता आणि वय यांची तुलना करण्यासारखे आहे.

“कुसुम, परत सांग,” दादा मला म्हणाला.

“अहो, लाडवासारखं ते,” वहिनी भाजलेले घाटे परतत म्हणाली. “तेवढ्याच बेसनाचे बारा वळले तर मोठे, सोळा वळले तर लहान. त्यात काय?”

माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. ते मी पुढे वर्गात अनेकदा वापरले, बंदुकीचा उल्लेख वगळून.

व्यस्त प्रमाणाची ही गोडी एकदा लागल्यावर मी थांबले नाही, हे मान्य केले पाहिजे. मी आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. उभ्या बाजूस प्राणी, वजनाच्या चढत्या क्रमाने. आडव्या बाजूस शस्त्र, बोअर, गोळीचे वजन, शेरा. तित्तर: बारा बोअर, सहा नंबरचे बारीक छर्रे. (छर्ऱ्यांतही आकडा वाढला की दाणा लहान होतो, हे जाता जाता लक्षात ठेवावे.) ससा: तेच शस्त्र, चार नंबर, किंवा पॉइंट टू टू रायफल, जिची गोळी हरभऱ्याच्या दाण्याहूनही बारीक. काळवीट, चितळ: तीनशे पंधरा. रानडुक्कर: तीनशे पंधरा, पण जड गोळी, कारण डुकराच्या खांद्यावर जाड ढाल असते. थ्री नॉट थ्रीसमोर मी लाल शाईने फुली मारली. तो फौजेचा आणि पोलिसांचा बोअर. सामान्य नागरिकास मनाई. गवा: तीनशे पंच्याहत्तर मॅग्नम. हत्ती: चारशे सत्तर.

“हत्ती कशाला?” दादाने विचारले. “उज्जैनला हत्ती येतो तो सिंहस्थात, साधूंबरोबर. लोक त्याला केळी देतात.”

“तक्ता अर्धवट ठेवता येत नाही, दादा.”

“बरोबर आहे बाईंचं,” बाबासाहेब म्हणाले. “आज रोजडा आहे, उद्या काय येईल काय भरवसा?” आणि त्यांनी छोडाची तिसरी जुडी ओढली.

पुस्तकांतून मला आणखी एक गोष्ट कळली. ती मला आवडली, म्हणून नोंदवते. शिकारी माणूस बोअर निवडतो तो केवळ आकड्याच्या हौसेने नाही. नियम असा की जनावर एकाच गोळीत, कळायच्या आत पडले पाहिजे. लहान बोअरने मोठे जनावर जखमी होऊन जंगलात पळते आणि दिवसचे दिवस कुढत मरते. मोठ्या बोअरने लहान जनावराच्या चिंधड्या होतात. म्हणजे योग्य बोअर शोधणे ही मारणाऱ्याने मरणाऱ्याशी पाळायची किमान सभ्यता आहे. मी हे वाचून दाखवले, आणि व्हरांड्यात टरफले फुटत राहिली.

तर परिस्थिती अशी: जी बंदूक होती ती रोजड्यास अयोग्य, आणि जी योग्य ती कोणाकडे नव्हती. बाबासाहेबांचे कोणी स्नेही देवासला होते, त्यांच्याकडे तीनशे पंधरा होती. ते दर आठवड्याला ‘अगले इतवार’ म्हणत. आम्ही दर इतवारी जमत असू. एका रविवारी मी ऊर्जेचे सूत्र शिकवले: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, म्हणजे हलकी पण वेगवान गोळी जड आणि मंद गोळीस भारी पडू शकते, आणि केवळ बोअर पाहून निर्णय घेणे चूक. बाबासाहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, “म्हणजे आतापर्यंत जे ठरवलं ते बेकार?” मी म्हटले, बेकार नाही, अपूर्ण. दादाने सुस्कारा सोडला. रकाना रिकामा राहिला.

वहिनी या सर्व सभांना हजर असे. हाताने घाटे सोलत असे. शेताबद्दल आम्हा तिघांपैकी एकानेही तिला एक प्रश्न विचारला नाही. तिचा पक्ष विरुद्ध होता; विरुद्ध पक्षाला सल्ला कोण विचारतो?

एका पहाटे आम्ही ‘प्राथमिक पाहणी’स गेलो. परवानगी नसल्याने बंदूक रिकामी होती. बाबासाहेबांचे म्हणणे असे की वजनाचा आणि पल्ल्याचा अंदाज तरी येईल. भैरवगढच्या छिप्यांनी ठसे मारून रंगवलेली कापडे नदीकाठी रात्रभर पडून दवाने भिजली होती, लाल आणि काळी. हवेत त्या रंगांचा तुरट वास होता. भेरूलालने आम्हाला बांधाआड बसवले. बाबासाहेबांना खाली बसताना गुडघ्याचा त्रास झाला, म्हणून बंदूक क्षणभर माझ्याकडे आली. पर्स घसरली ती तेव्हा.

धुके विरळ झाले आणि चाळीस पावलांवर तो उभा होता. नर. पाठीवरून वाफ निघत होती. त्याच्या तोंडातून हरभऱ्याची एक डहाळी बाहेर लोंबत होती आणि तो ती, घाई नसलेल्या माणसासारखा, चघळत होता. त्याने आमच्याकडे पाहिले. पळाला नाही.

“हुकम,” भेरूलाल बाबासाहेबांच्या कानाशी कुजबुजला, “सामने खड़ा है. नाप लो अब.”

बाबासाहेबांनी बंदूक खांद्याला लावली. एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. मग दोन्ही उघडले आणि बंदूक खाली केली.

“हवा बरोबर नाही,” ते म्हणाले.

“हुकम, बंदूक तो खाली है. हवा का क्या करना?”

“तरी पण.”

रोजडा वळला, दोन पावले गेला, आणखी एक शेंडा खुडला आणि निघून गेला. परतताना टेंपोत बाबासाहेब बंदुकीला फडके गुंडाळत बसले. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “दादा, डोळे बघितलेत त्याचे? आमच्या लहानपणी एक म्हैस होती घरी...” वाक्य पुरे झाले नाही. मंगलनाथाचा फाटा गेल्यावर त्यांनी दुसरे वाक्य सुरू केले. “खरं सांगू? आमच्या घराण्यात शेवटची गोळी आजोबांनी झाडली.”

“वाघावर?” दादाने आदराने विचारले.

“लग्नात. हवेत.”

आज मी या गोष्टीचा विचार करते तेव्हा मला वाटते, ते सहा आठवडे आम्ही बोअर शोधतच नव्हतो. ज्यांना मारायचे नसते आणि ‘मारायचे नाही’ असे म्हणवतही नाही, अशी सभ्य माणसे मोजमापात शिरतात. तिथे ऊब असते. परीक्षेच्या आदल्या दिवशी वेळापत्रक रंगीत पेन्सिलींनी आखणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना मी रागावत असे. त्या टेंपोत बसलेल्या आम्हा तिघांना मात्र कोणी रागावले नाही. भेरूलालने फक्त टेंपो सुटताना एक भारा छोड दादाच्या मांडीवर ठेवला, कारण तो दर खेपेला ठेवत असे.

होळी तीन आठवड्यांवर आली. चौथा रकाना सुटत नाही म्हणून मी पाचव्याकडे वळले: नासाडीचा अंदाज. हे माझ्या आवाक्यातले होते. मी शनिवारी अर्धी रजा घेतली, सुतळी आणि आखणीसाठी चुना नेला आणि भेरूलालच्या मदतीने शेताचे शंभर समान चौकोन पाडले. मग प्रत्येक चौकोनात उभे राहून पाहिले आणि वहीत खूण केली.

नदीच्या बाजूस रोजड्यांच्या खुरांचे ठसे स्पष्ट होते. तुडवून पार झोपवलेले असे सात चौकोन भरले. पण त्यांच्या आजूबाजूचे चौकोन पाहून मी चक्रावले. तिथे रोजड्यांनी पौषात शेंडे खुडले होते, आणि प्रत्येक खुडलेल्या शेंड्याच्या जागी झाडाने चार नव्या फांद्या काढल्या होत्या. मी दहा झाडांचे घाटे मोजले. मग न खाल्लेल्या दहा झाडांचे मोजले. पुन्हा मोजले. खाल्लेल्या झाडांना घाटे अधिक होते.

मग मी रस्त्याकडच्या बाजूला आले. तिथे झाडेच नव्हती. वाळून भेगाळलेल्या काळ्या मातीत मुळे उपटल्याची बारीक भोके होती. एक चौकोन, दोन, पाच, अकरा. एकूण एकवीस.

“हे कोणी केलं, भेरूलालजी? इथे तर खूर नाहीत.”

भेरूलालने डोक्यावरचे फडके काढून पुन्हा बांधले. “बेनजी, रोजड़ा ऊपर-ऊपर से खावे है. जड़ से उखाड़ना उसको नी आवे.”

“मग रस्त्यावरून जाणारे लोक?”

“वो तो एक मुट्ठी लेवे बेचारा.”

मी त्याच्याकडे पाहिले. त्याने नदीकडे पाहिले.

हिशेब तिथेच, बांधावर बसून केला. सहा रविवारांच्या सहा सभा. बाबासाहेबांच्या घरी पाठवलेले भारे. दादाने जुन्या टपाल कचेरीत, काउंटरवरच्या प्रत्येकास, ‘आपल्या शेतातले’ म्हणून वाटलेल्या जुड्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनीने चाळीस सवाष्णींना वाण म्हणून दिलेली एकेक जुडी. त्या वर्षी प्लास्टिकच्या डब्यांचे वाण सर्वत्र होते, आणि तिच्या जुडीचे फार कौतुक झाले होते. आणि शेवटी, कारण हिशेबात स्वतःला वगळणे अप्रामाणिकपणाचे, माझ्या शाळेतील शिक्षकदालन. तिथे मी अकरा वेळा पिशवी नेली होती. दालनात सतरा जण होते, आणि मुख्याध्यापिकाबाईंना दोन जुड्या लागत.

“तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” मी विचारले.

“मालक अपनी चीज खावे, उसमें मैं कई बोलूँ?” भेरूलाल म्हणाला. मग सुतळी गुंडाळत, “मैं खाँसा तो था, बेनजी.”

मला ते आठवले. दर खेपेला, भारा बांधताना, तो खोकत असे. आम्ही त्याला अडुळशाचा काढा पाठवला होता.

होळीच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, बैलगाडीतून हरभरा आला. पोती व्हरांड्यात एकावर एक रचली. साडेआठ. दादाने हात लावून मोजली; उत्तर माझ्यासारखेच आले. बाबासाहेबही येऊन एका टोकाला उभे होते. दादाने पेटीतून आंतर्देशीय पत्र काढले, चष्मा लावला आणि करार पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचला, सह्यांसकट. त्याचा आवाज खात्याचे परिपत्रक वाचून दाखवताना लागे तसाच, सपाट होता. वाचून झाल्यावर त्याने पत्र घडीवर घडी घालून खिशात ठेवले.

“तेरवा नानाखेड्याच्या दलालाला बोलावतो,” तो म्हणाला. “धुळवड झाली की.”

“रोजड्यांनी घात केला,” बाबासाहेब म्हणाले. “तीनशे पंधरा मिळाली असती तर...”

मी गप्प बसू शकले असते. शेत रोजड्यांमुळे गेले, असे दादा आयुष्यभर मानू शकला असता, आणि ते ओझे वाहायला सात धडधाकट जनावरे होती. पण वही माझ्या हातात होती. मी चौकोनांचा निकाल वाचला. रोजडे: सात चौकोन नुकसान, मात्र लगतच्या चौकोनांत वाढ, वजाबाकी केल्यास तोटा नगण्य. आम्ही: एकवीस चौकोन, समूळ. नावे वाचली. स्वतःचे नाव प्रथम वाचले.

बाबासाहेबांनी हातातला घाटा हळूच परत टोपलीत ठेवला. दादा पोत्यांकडे पाहत राहिला. तो चिडला असता तर मला बरे वाटले असते.

वहिनी उंबऱ्यात बसून सुपात हरभरा पाखडत होती. तिचे सूप थांबले नव्हते. कोंडा उडत होता आणि दाणे सुपाच्या पोटात एका लयीत पडत होते.

“शेंडे खाल्ले की हरभरा फुटतो,” ती मान वर न करता म्हणाली. “आमच्याकडे पौषात बाया लावून खुडून घेतात. भाजी होते आणि पीकही वाढतं.”

“तुला ठाऊक होतं?” दादाने विचारले.

“विचारलंत कुठे तुम्ही? तुम्ही तर हत्तीपर्यंत पोचला होता.”

 तिने सुपातला एक खडा वेचून अंगणात फेकला. मला वाटते, तो खडा फेकेपर्यंत नानाखेड्याचा प्लॉट, त्याचा नळ, शेजारच्या बायका आणि जवळचे बसस्टँड हे सर्व तिच्या हाती होते. तिने फक्त पाखडत राहायचे होते.

“पुढच्या वर्षी चारी बाजूंनी करडईचे तास लावा,” ती म्हणाली. “दाट. करडईचे काटे टोचले की कुणी आत शिरत नाही. रोजडाही नाही, आणि तुम्ही लोकही नाही.”

बाबासाहेबांनी करडई कोणत्या महिन्यात पेरतात असे विचारले. मी वहीचे कोरे पान काढले. दादाने मात्र आम्हा दोघांकडे लक्ष दिले नाही. तो खुर्चीतून उठला, चष्मा काढला आणि म्हणाला, “पाणी पिऊन येतो,” आणि आत निघून गेला. पाण्याचा माठ व्हरांड्यातच, त्याच्या खुर्चीला लागून होता.